जुना वाडा सगळ्यांसाठी कसा उघडायचा?

विदर्भातल्या एखाद्या जुन्या वाड्यात गेलात तर बहुतेक वेळा मोठा सागवानी दरवाजा बंद असतो आणि त्यातच बसवलेला लहान दिंडी दरवाजा तेवढा उघडा असतो. आपण वाकतो, उंच उंबरठ्यावरून पाय टाकतो आणि आत शिरतो. व्हीलचेअरवर आलेल्या माणसाची वाट मात्र इथेच संपते, कारण दिंडीतून चाके जात नाहीत. यावर पुष्कळ ठिकाणी उपाय एवढाच असतो की मोठा दरवाजा उघडायचा. ज्या दारातून एके काळी घोडे आणि धान्याच्या गाड्या आत जात, त्यातून व्हीलचेअर आरामात जाते. "मोठं फाटक फक्त सणावारालाच उघडते" हा रिवाज कोणी तरी कधी तरी लावलेला असतो आणि तो बदलायला एक पैसाही लागत नाही.

सुरुवातीलाच हे सांगायचे कारण असे की दिव्यांग पाहुण्यांचा विषय निघाला की वाड्याचे मालक, ट्रस्टचे विश्वस्त आणि गावातले वारसाप्रेमी आधी घाबरतात. भिंती फोडाव्या लागतील, लिफ्ट बसवावी लागेल, पुरातत्त्ववाले काम अडवतील आणि खर्च झेपणार नाही, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात यातले बरेचसे काम मोजपट्टीचे आणि मांडणीचे आहे. बांधकाम लागते ते थोडे आणि तेही जुन्या भिंतीला हात न लावता करता येते. ते कसे, हे इथे सविस्तर सांगतो.

आधी पाहुणा कोण ते नीट समजून घेऊ. दिव्यांग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर व्हीलचेअर येते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते एकवीस झाले. त्या एकवीसमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि कुष्ठरोगातून बरे झालेल्या व्यक्तीही आहेत. या दोन गोष्टी विदर्भातल्या माणसाला वेगळ्या सांगायला नकोत. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे सिकलसेलचे रुग्ण घरोघरी ओळखीचे आहेत. वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि वरोऱ्याचे आनंदवन ही नावे तर कुष्ठसेवेमुळेच महाराष्ट्रभर पोचली.

सिकलसेलचा तरुण पाहुणा चालत येतो, जिने चढतो, त्याला पाहून काहीच कळत नाही. पण अंगातले पाणी कमी झाले किंवा दमछाक झाली की त्याला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. त्याच्यासाठी वाडा सुगम करणे म्हणजे सावलीत बसायला बाक, जवळ पिण्याचे पाणी आणि "मध्येच थांबलात तरी चालेल" असे सांगणारा मार्गदर्शक. पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्या माणसाला दुखापतीच्या खालच्या भागात नीट घाम येत नाही, त्यामुळे त्याचे शरीर लवकर तापते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, अशा आपल्या भागात उन्हातल्या रांगेत त्याला अर्धा तास ठेवणे थेट धोक्याचे आहे.

आता चपलांचा नियम घ्या. कितीतरी वास्तूंमध्ये, विशेषतः जिथे समाधी किंवा देवघर आहे तिथे, पादत्राणे बाहेर काढावी लागतात. पोलिओ झालेल्या माणसाच्या पायात कॅलिपर, म्हणजे पायाला ताठ आधार देणारी धातूची चौकट, असतो आणि त्याचा बूट कॅलिपरलाच जोडलेला असतो. बूट काढायचा म्हणजे आख्खा कॅलिपर सोडायचा आणि मग उभेच राहता येत नाही. कुष्ठरोगातून बरे झालेल्या पुष्कळांच्या तळपायाची संवेदना कायमची गेलेली असते. दुपारी तापलेल्या फरशीवरून तो माणूस अनवाणी चालतो, त्याला चटका कळत नाही, आणि घरी गेल्यावर पायाला फोड आलेले दिसतात. त्या फोडाची जखम होते आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणून नियम थोडा सैल करायचा. बुटाचा तळ ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा किंवा त्यावर कापडी पिशवी चढवायची, दारापासून गाभाऱ्यापर्यंत तरटाची किंवा सतरंजीची पट्टी अंथरायची. पावित्र्य राखायचेच असेल तर तेही असे राखले जाते आणि कोणाचा पाय जात नाही.

आपल्या खेड्यांत व्हीलचेअरपेक्षा हाताने चालवायची तीनचाकी सायकल जास्त दिसते. शिबिरांतून हीच मिळते आणि कच्च्या रस्त्यावर हीच चालते. ती व्हीलचेअरपेक्षा रुंद आणि बरीच लांब असते, वाड्याच्या आत ती वळणार नाही. मग फाटकाशी एक घडीची व्हीलचेअर तयार हवी, तिचे ब्रेक आणि टायर चांगले हवेत आणि तीनचाकीवरून तिच्यात बसायला सपाट जागा हवी. तीनचाकी ठेवायला सावलीची, नजरेसमोरची जागाही हवी. ती सायकल म्हणजे त्या माणसाचे पाय आहेत, आत फिरताना त्याचे लक्ष तिच्याकडे लागून राहू नये.

आता पायरी आणि उतार. याचे गणित सगळ्यांनी एकदा डोक्यात पक्के करावे. उतारमार्गाचा नियम एकास बारा. एक सेंटीमीटर चढायला बारा सेंटीमीटर लांबी. समजा रस्त्यावरून देवडीत शिरायला सतरा सेंटीमीटरच्या दोन पायऱ्या आहेत. चढ झाला चौतीस सेंटीमीटर आणि उतार लागेल ४०८ सेंटीमीटर, म्हणजे चार मीटरहून थोडा जास्त. जोते नव्वद सेंटीमीटर उंच असेल तर जवळपास अकरा मीटर लांब उतार लागतो. तो एका दमात चढवत नाहीत, मधे सुमारे दीड मीटरचा सपाट टप्पा ठेवून वळवतात. रुंदी निदान १२० सेंटीमीटर हवी, दोन्ही बाजूंना धरायला कठडा हवा आणि कडेला चाक घसरू नये म्हणून बोटभर उंच पट्टी हवी.

शाळेत, ग्रामपंचायतीत, दवाखान्यात आपण जे उतार पाहतो त्यातले कितीतरी या नियमात बसत नाहीत. तीन पायऱ्यांवर मीटरभर लांबीचा सिमेंटचा उतार ओततात आणि रॅम्प झाला म्हणून फोटो काढतात. त्या उतारावर व्हीलचेअर स्वतः चढवता येत नाही, पुढची चाके उचलली जाऊन माणूस मागे कोसळतो. उतरताना ब्रेक धरत नाहीत. अशा उतारापेक्षा पायरी बरी, कारण पायरी निदान फसवत तरी नाही. तुमच्या गावात असा उतार असेल तर टेप घेऊन उंची आणि लांबी मोजा आणि लांबीला उंचीने भागा. उत्तर बाराच्या खाली आले तर तो उतार चुकला आहे.

उंबरठ्याचे काय? जुना सागवानी उंबरठा कापायचा नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरीसारखे उतार ठेवायचे, उंबरठ्याच्या उंचीला टेकणारे पण त्याला न ठोकलेले. दहा सेंटीमीटरचा उंबरठा असेल तर प्रत्येक बाजूला १२० सेंटीमीटर. गावचा सुतार हे दोन दिवसांत करून देतो. लग्नसराईत मंडप घालणाऱ्या बिछायत केंद्रांकडे जाड फळ्या, लोखंडी पाइप आणि जोडणीची क्लिपे असतातच. यात्रेच्या किंवा जयंतीच्या दिवशी तात्पुरता लांब उतार उभा करायला तीच माणसे सगळ्यात उपयोगी, फक्त एकास बाराचे गणित त्यांना आधी समजावून सांगायचे आणि फळ्यांवर घसरू नये म्हणून खरखरीत पट्टी मारायला लावायची.

दाराची मोकळी रुंदी नव्वद सेंटीमीटर असली तर उत्तम. आपल्याकडची साधी घडीची व्हीलचेअर साधारण पासष्ट ते सत्तर सेंटीमीटर रुंद असते, त्यामुळे माजघराचे पंच्याहत्तरचे दारही नेमके समोरून गेले तर चालून जाते. मात्र दोन्ही बाजूंना हातांसाठी जेमतेम जागा राहते आणि बोटे चौकटीवर सोलून निघतात, हे मदत करणाऱ्याने लक्षात ठेवावे. वळायला दीड मीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते. वाड्याच्या चौकात ते सहज मिळते, पण तिथेच तुळशीवृंदावन, पितळी भांड्यांचे प्रदर्शन आणि दानपेटी मांडून ठेवलेली असते. दानपेटी सरकवली तरी वाट मोकळी होते.

जुन्या वास्तूला धक्का न लावण्याबद्दल आता बोलू, कारण खरी काळजी इथेच घ्यावी लागते. नवे काम असे हवे की उद्या काढून टाकले तर जुन्याला ओरखडाही राहू नये. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला चिकटवून सिमेंटचा उतार ओतला तर दोन पावसाळ्यांत भिंत खचायला लागते. मातीची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि वाऱ्यावर सोडते, तिचा श्वास तसाच चालतो. पायथ्याशी सिमेंट आले की ओल अडते, वर चढते, क्षार फुटतात आणि पोपडे सुटतात. शिवाय उताराचे पाणी थेट भिंतीच्या मुळाशी जाते. म्हणून उतार भिंतीपासून हातभर दूर, स्वतःच्या पायांवर उभा राहणारा, लाकडाचा किंवा लोखंडी सांगाड्याचा करावा. मधल्या फटीतून पाणी वाहून जावे आणि झाडूही फिरावा.

अंगणाचेही तसेच. सैल मुरमात चाक रुतते, गुळगुळीत शहाबादी पावसात घसरते, शेवाळलेल्या दगडावर कुबडीचे रबरी बूड टिकत नाही. रोलरने किंवा धुमसाने नीट दाबलेली मुरमाची पायवाट, वरून पाणी निथळेल अशा ढाळाची, ही खेड्यातल्या वास्तूला शोभते आणि व्हीलचेअरलाही चालते.

सेवाग्रामचे उदाहरण घेऊ. गांधीजी १९३६ मध्ये सेगावात राहायला आले, १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. आज बापू कुटी म्हणून आपण पाहतो ती आधी गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची कुटी होती. माती, बांबू आणि कवेलूंची ती बसकी घरे आजूबाजूला मिळणाऱ्या सामानातून उभी राहिली. याच आश्रमात परचुरे शास्त्री नावाचे संस्कृत पंडित कुष्ठरोग घेऊन आले तेव्हा गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, त्यांच्यासाठी वेगळी कुटी झाली आणि त्यांच्या जखमांची सेवा गांधीजी स्वतः करत. ज्या काळात या रोग्याला गावाबाहेर काढत, त्या काळात एका आजारी माणसाच्या गरजेप्रमाणे तिथे घर बांधले गेले. विदर्भातल्या प्रत्येक वारसास्थळाने हे समोर ठेवावे असे मला मनापासून वाटते.

मातीच्या घरांचा एक मोठा फायदा आहे. सारवलेली जमीन चाकांनी उखडते हे खरे, पण सारवण हे मुळातच पुन्हा पुन्हा करायचे काम आहे. दगडी नक्षी झिजली की गेली, सारवण मात्र आठ-पंधरा दिवसांनी नवे होते. चाकांच्या वाटेवर बांबूची चटई किंवा काथ्याची पट्टी टाकली की तेवढाही त्रास उरत नाही. बुटक्या दारांना मात्र इलाज वेगळा. तिथे सगळेच वाकून जातात, पण पांढरी काठी घेऊन येणाऱ्याला डोक्याच्या उंचीवरची चौकट कळतच नाही, काठी फक्त जमिनीचे सांगते. दारापाशी जमिनीवर वेगळ्या पोताची पट्टी अंथरावी म्हणजे पावलाला इशारा मिळतो, चौकटीवर जाड कापडी गुंडाळी करावी, आणि शेजारी कोणी असेल त्याने "भाऊ, आता वाका" एवढे वेळेत म्हणावे.

सिंदखेड राजाचा लखुजी जाधवांचा राजवाडा हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण. दगडी, भव्य, राज्य संरक्षित. जिजाऊंचे हे जन्मस्थान आणि दर १२ जानेवारीला इथे लोटणारी गर्दी सगळ्यांना ठाऊक आहे. अशा ठिकाणी जन्मोत्सवाच्या दिवशी उतार असूनही उपयोग होत नाही, गर्दीच त्याच्यावर उभी राहते. म्हणून वेळ राखून ठेवणे हाही सुगमतेचाच भाग आहे. पहाटेचा किंवा आदल्या दिवशीचा एखादा तास दिव्यांग आणि वृद्धांसाठी ठेवला तर त्यांना दर्शन घडते. ऑटिझम असलेल्या मुलांना ढोलताशांचा गोंगाट सहन होत नाही, त्यांच्या आईवडिलांनाही हा शांत तास मिळाला तर ते मुलांना घेऊन येतील.

उचलून नेण्याबद्दल थोडे थांबून सांगायला हवे. आपल्याकडे माणसे मायाळू आहेत. व्हीलचेअर पायरीशी आली की चार पोरे धावत येतात, "ताई, घाबरू नोका, आमी नेतो ना उचलून" म्हणतात आणि बोलता बोलता खुर्ची हवेत असते. भावना चांगली, तरी ताईंना विचारले कोणी? अनोळखी पुरुषांच्या हातात आपले शरीर द्यावे लागणे हे बाईमाणसाला किती अवघड असते हे तिलाच ठाऊक. शिवाय घडीच्या खुर्चीचे हातधरे निघून येतात, पायटेकण निखळते, एकाचा पाय घसरला तर पाचही जण पडतात. कण्याला आधीच इजा असलेल्या माणसाला अशी एक पडझड जन्माची पुरते. कित्येक दिव्यांग माणसे याच धास्तीने "तुम्ही पाहून या, मी इथंच बसतो" म्हणतात आणि घरच्यांना वाटते की त्यांना आवड नाही. आधी विचारावे, "कशी मदत करू सांगा". उत्तर येईल तेवढेच करावे. बोलणेही थेट त्यांच्याशी असावे, खुर्ची ढकलणाऱ्या भावाशी "यांना पाणी लागते का" असे नाही.

माडीवर मात्र खरोखर काही करता येत नाही. अरुंद, उभा लाकडी जिना बदलणे म्हणजे वास्तूच बदलणे. तिथे वरच्या दालनांचे मोठे फोटो आणि दहा मिनिटांची चित्रफीत खाली ओसरीत दाखवावी, आणि वरची एखादी महत्त्वाची वस्तू खालीच मांडावी. ही पर्यायी सोय जिथे दुसरा मार्गच नाही तिथेच वापरावी. सांदवाडीच्या म्हणजे मागच्या परसातल्या दाराने, शेणाच्या उकिरड्याजवळून आत घेणे ही सोय मानू नये. पाहुणा समोरूनच आला पाहिजे.

अंध पाहुण्यांसाठी जुना वाडा सिमेंटच्या म्युझियमपेक्षा कितीतरी बोलका आहे. मातीचा गारवा, चौकात आल्यावर बदलणारा आवाज, खांबावरची कोरीव वेलबुट्टी, जात्याचा खुंटा, हे सगळे हाताला आणि कानाला कळते. "हात लावू नका" ही पाटी तिथे आडवी येते. मूळ नाजूक वस्तू जपाव्याच, पण एक जाते, एक कंदील, कुलपाचा एक जुना आडणा, एक कवेलू असे हाताळायला वेगळे काढून ठेवता येते. गावच्या कुंभाराकडून आख्ख्या वाड्याची मातीची लहान प्रतिकृती करून घ्या, छप्पर उचलता येईल अशी. बोटे फिरवली की चौक कुठे, माडी कुठे हे दोन मिनिटांत कळते. ब्रेल फलक लावावेत, मात्र उतारवयात दृष्टी गेलेल्या बहुतेकांना ब्रेल येत नाही, त्यांना ऐकायची सोय लागते. माहिती सांगणाऱ्याने "इकडे बघा, तिकडे बघा" सोडून "तुमच्या उजव्या हाताला, चार पावलांवर" असे सांगायची सवय लावून घेतली तर सगळ्याच पाहुण्यांना जास्त समजते.

कर्णबधिरांसाठी साधी, मोठ्या अक्षरांतली मराठी, चित्रे, आणि जमल्यास भारतीय सांकेतिक भाषेतली छोटी चित्रफीत मोबाइलवर उघडेल असा कोड.

शौचालय. याच्याविना बाकी सगळे फुकट आहे, कारण दिवसभर लघवी रोखून धरावी लागणार असेल तर माणूस घरूनच निघत नाही, किंवा पाणीच पीत नाही. दार बाहेर उघडणारे, आत दीड मीटरचे वळण, कमोड, शेजारी भिंतीला घट्ट बसवलेले आधारदांडे आणि हाताला येईल असा नळ. ते वाड्याच्या आत कोंबायची गरज नाही, आवाराबाहेर सपाट वाटेवर असले तरी चालते. किल्ली मात्र शिपायाच्या खिशात नको.

घरापासून वाड्यापर्यंतची वाटही यात येते. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पण गाडीच्या पायऱ्या उंच आहेत आणि फाट्यापासून वास्तू दीड-दोन किलोमीटर आत. तेवढ्या पट्ट्यासाठी गावातल्या ऑटोवाल्याचा नंबर फलकावर लिहिणे हीसुद्धा सोय आहे.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या कायद्यात सार्वजनिक इमारत म्हणजे जनतेसाठी खुली असलेली सरकारी किंवा खासगी इमारत, सांस्कृतिक आणि धार्मिक वापराचीसुद्धा. म्हणजे तिकीट लावून दाखवला जाणारा खासगी वाडा आणि ट्रस्टचे संग्रहालय दोन्ही यात आले. नियम जून २०१७ मध्ये निघाले आणि जुन्या सार्वजनिक इमारती तिथून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. ती मुदत २०२२ मध्येच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगमतेचे निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, सक्तीचे किमान निकष ठरवा. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढे पन्नास हजार ते पाच लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते.

संरक्षित स्मारक असेल तर आधी परवानगी. केंद्र संरक्षित वास्तूला प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा लागू होतो आणि तिच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी असते, त्यामुळे शौचालयाची जागा ठरवतानाच हे पाहावे. राज्य संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे अर्ज करावा. काढता येणाऱ्या उताराचा, मापांसकट काढलेला नकाशा जोडला तर प्रस्ताव समजायला सोपा जातो.

काम झाले की उद्घाटनाआधी तालुक्यातल्या चार-पाच दिव्यांग व्यक्तींना बोलवा: एक व्हीलचेअरवरची, एक पांढऱ्या काठीवाली, एक कर्णबधिर, एक कॅलिपरवाली. त्यांना बसस्टँडपासून परत बसस्टँडपर्यंत आपापले फिरू द्या आणि मागे वही घेऊन चाला. कुठे थांबले, कुठे मदत मागावी लागली, कुठे कंटाळून परतले ते लिहा. हे कौशल्याचे काम आहे, म्हणून त्यांना प्रवासखर्च आणि दिवसाचा मेहनताना द्या, आणि वहीतल्या दुरुस्त्या आटोपल्यावरच उद्घाटनाची तारीख धरा.